मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात : हौशी डीप-स्काय छायाचित्रणाची उपकरणे आणि पद्धत

तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांची छायाचित्रे घ्यायची इच्छा झाली की बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘दुर्बीण कोणती घेऊ?’ हा असतो. पैसे आणि मेहनत यांचा क्रम लावायचा झाला तर दुर्बीण त्यात बरीच खाली येते. सर्वांत वर येते अंधारे आकाश, त्यानंतर आकाशाच्या गतीने फिरणारा माउंट (कॅमेरा किंवा दुर्बीण धरणारा आधार), त्यानंतर भिंग आणि शेवटी कॅमेरा. या क्रमाचे कारण मधल्या गणितात आहे आणि ते गणित शाळेतल्या त्रैराशिकापेक्षा अवघड नाही. या लेखात ते एका ठरावीक लक्ष्यावर करून दाखवले आहे. ते लक्ष्य म्हणजे मृग नक्षत्रातला तेजोमेघ, एम ४२. उपकरणे माफक धरली आहेत : जुना एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) डीएसएलआर, १३५ मिमीची लेन्स आणि एक लहान स्टार ट्रॅकर, म्हणजे कॅमेऱ्यापुरता छोटा माउंट. ठिकाण महाराष्ट्रातले, म्हणजे सुमारे १६ ते २१ अंश उत्तर अक्षांशावरचे. युरोप-अमेरिकेतल्या वाचकांसाठी लिहिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्यामुळे ठिकाण स्पष्ट केलेले बरे.

एम ४२ निवडण्याची कारणे सरळ आहेत. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली तो नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो, त्यामुळे शोधण्यात रात्र जात नाही. आकाशात त्याचा पसारा एक अंशाहून अधिक आहे, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या दुपटीहून मोठा. पुण्याच्या अक्षांशावरून मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना तो सुमारे ६६ अंश उंचीवर येतो, आणि इतक्या उंचीवर वातावरणाचा थर बराच पातळ असतो. तेजोमेघाचे पहिले छायाचित्रही याच लक्ष्याचे आहे. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी सुमारे ५० मिनिटांच्या एका एक्स्पोजरमध्ये ते घेतले. त्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली आणि तिचे संस्थापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी याच तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध घेतले. आज आपण ज्या लक्ष्यावर सराव करतो त्याची पुण्यातली परंपरा एवढी जुनी आहे.

आकाश आणि रात्र निवडणे

आकाशाच्या पार्श्वभूमीची तेजस्विता प्रति वर्ग कोनसेकंद (कोनसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) किती प्रत, या एककात मोजतात; प्रतीचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. मोठ्या शहराच्या मध्यभागी हा आकडा १८ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, चांगल्या ग्रामीण भागात २१ च्या पुढे जातो आणि अत्यंत अंधाऱ्या जागी २२ च्या जवळ पोहोचतो. प्रतीच्या मापात एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट प्रकाश, म्हणून तीन प्रतींचा फरक म्हणजे जवळपास सोळा पट. अंधुक भागांच्या बाबतीत गोंगाट (चित्रातला दाणेदारपणा) मुख्यतः आकाशाच्या प्रकाशातूनच येतो. त्यामुळे २१ प्रतीच्या आकाशाखाली एका तासात जेवढा तपशील मिळतो, तेवढाच शहराच्या गच्चीवरून मिळवायचा तर सुमारे सोळा तास लागतात. गाडीचे इंधन हा या छंदातला सर्वांत किफायतशीर खर्च आहे असे मी म्हणतो ते या हिशेबावरून.

जागा निवडताना नकाशावर केवळ अंधारा पट्टा शोधू नये, शहर कोणत्या दिशेला राहते तेही पाहावे. मृग पूर्वेला उगवतो, दक्षिणेच्या आकाशातून वर चढतो आणि पश्चिमेला मावळतो. म्हणून शहराची झगमग उत्तरेला असेल तर तिचा त्रास सर्वांत कमी होतो. पुणेकरांना मृगासाठी मुळशी-ताम्हिणीपेक्षा भोरकडची दिशा अधिक सोयीची पडते, कारण मुळशीहून पाहताना पुण्याची प्रभा नेमकी पूर्वेला, मृग उगवतो तिथेच असते. मुंबईकर आकाशप्रेमींच्या काही पिढ्यांनी वांगणीच्या मोकळ्या माळावर नक्षत्रे ओळखायला शिकली, पण उपनगरे पसरत गेल्यामुळे तिथून आता फार अंधुक लक्ष्यांची अपेक्षा ठेवता येत नाही. विदर्भातल्या वाचकांचे नशीब या बाबतीत चांगले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

जागेची आणखी एक अट सह्याद्रीत हमखास विसरली जाते. उत्तर क्षितिज मोकळे हवे. आपल्या अक्षांशावर ध्रुवतारा अवघा १८-२० अंश उंचीवर असतो. एखाद्या गडाच्या दक्षिण पायथ्याशी उपकरण मांडले तर तो रात्रभर कड्यामागेच राहील. दिवसाउजेडी जाऊन होकायंत्राने उत्तर पाहावी. हात पूर्ण लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी साधारण दहा अंशांची असते, म्हणून क्षितिजापासून दोन मुठींच्या आत डोंगर, झाड किंवा घर येत नाही ना हे तपासावे. जागा खाजगी असेल तर मालकाची आणि वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्या खात्याची परवानगी आधीच घ्यावी, आणि गावात एखाद्या घरी तरी सांगून ठेवावे. रात्री दोन वाजता माळावर लाल दिवा घेऊन वावरणारे अनोळखी लोक पाहून गावकरी काळजीत पडले तर त्यात त्यांचे काही चुकत नाही.

रात्र निवडायला घरातले पंचांग किंवा तिथी छापलेली दिनदर्शिका पुरते. शुक्ल पंचमीपर्यंत चंद्र साधारण दहा-साडेदहापर्यंत मावळतो आणि कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. अमावस्येच्या आगेमागे चार-पाच रात्री सर्वोत्तम, आणि मृगासारखे संध्याकाळी वर आलेले लक्ष्य असेल तर कृष्ण पक्षाचा पूर्ण उत्तरार्ध उपयोगी पडतो. एम ४२ डिसेंबरच्या मध्यास मध्यरात्रीच्या आसपास माथ्याजवळ असतो. ताऱ्यांचा उदय रोज सुमारे चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास लवकर होतो, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस तो रात्री नऊलाच माथ्यावर पोहोचतो. दिवाळीनंतरची कोरडी थंडी हा आपला खरा हंगाम. मार्चपासून धूळ आणि डोंगरावरचे वणवे यांनी क्षितिजालगतचे आकाश गढूळ होते, आणि जून ते सप्टेंबर हा काळ सोडूनच द्यावा लागतो.

माउंट : जिथे पैसे खरोखर लागतात

आकाश सेकंदाला सुमारे १५ कोनसेकंद सरकते. आता आपला कॅमेरा एका पिक्सेलमध्ये किती कोनसेकंद सामावतो ते काढू. पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घ्यावा, त्याला २०६ ने गुणावे आणि लेन्सच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागावे. निकॉन डी ५३०० सारख्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रोमीटरचा आहे, म्हणून १३५ मिमीच्या लेन्सबरोबर एका पिक्सेलमध्ये जवळजवळ सहा कोनसेकंद येतात. साध्या तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात तारा दर सेकंदाला अडीच पिक्सेल सरकतो. म्हणजे एका सेकंदाच्या एक्स्पोजरमध्येही तो लांबट होऊ लागतो. नाभीय अंतराने ५०० ला भागून जेवढे येतील तेवढे सेकंद एक्स्पोजर द्यावे, हा जुना नियम फिल्मच्या काळात आणि लहान छपाईसाठी ठीक होता. आजच्या बारीक पिक्सेलांसाठी तो फारच उदार आहे.

म्हणून ट्रॅकर हवा. स्काय-वॉचर स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉन स्कायगाइडर प्रो यांसारख्या लहान ट्रॅकरची कागदोपत्री क्षमता सुमारे पाच किलोची आहे. छायाचित्रणासाठी मात्र कोणत्याही माउंटच्या जाहीर क्षमतेच्या निम्म्याहून थोडे अधिक वजन हीच मर्यादा समजावी. कॅमेरा, १३५ मिमीची लेन्स आणि बॉलहेड मिळून भार दीड-दोन किलोच्या घरात राहतो, तो या ट्रॅकरला सहज झेपतो. ट्रॅकरवर ८० मिमीची दुर्बीण, गाइड स्कोप आणि जड कॅमेरा चढवणे कागदावर शक्य असते, पण वाऱ्याच्या एका झुळुकीत सगळी रात्र वाया जाते. दुर्बिणीच घ्यायच्या असतील तर एचईक्यू ५ किंवा त्याहून भक्कम विषुववृत्तीय माउंटपासून सुरुवात करावी. त्यासाठी पैसे साठवावे लागले तर साठवावेत, आणि तोपर्यंत ट्रॅकरवर लेन्सने काम करावे.

तिपाईबद्दल कोणी बोलत नाही, पण डळमळीत तिपाईवर महागडा ट्रॅकरही निरुपयोगी ठरतो. पाय शक्य तितके कमी लांब करावेत, मधला दांडा अजिबात वर ओढू नये, पायांची टोके मातीत घट्ट रोवावीत. तिपाईला वजन लटकवायचे असेल तर पिशवी जमिनीला टेकलेली असावी. हवेत झुलणारी पिशवी कंपन थांबवण्याऐवजी वाढवते.

कमी अक्षांशाची एक खास अडचण इथे येते. ट्रॅकर ज्याभोवती फिरतो तो ध्रुवीय अक्ष आपल्याकडे जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे सगळे वजन उत्तरेकडे झुकते आणि खाली फिरणारे प्रतिभार तिपाईच्या उत्तर पायावर आपटण्याची शक्यता असते. वजनाला आधार मिळावा म्हणून एक पाय बरोबर उत्तरेला ठेवावा आणि अंधार पडण्यापूर्वी अक्ष हाताने पूर्ण फिरवून काहीही अडत नाही याची खात्री करावी. अडत असेल तर तिपाई आणि वेज (ट्रॅकरचा कोन लावणारा भाग) यांच्यामध्ये लहान पिलर, म्हणजे खांब, घालावा.

ध्रुवीय जुळणी किती अचूक हवी

ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणे म्हणजे ध्रुवीय जुळणी. तिच्या अचूकतेविषयी नवशिक्यांना उगाच धाक दाखवला जातो, म्हणून आधी आकडा पाहावा. अक्ष खऱ्या ध्रुवापासून एका कोनमिनिटाने चुकला असेल, तर ताऱ्याचा सर्वाधिक सरक मिनिटाला सुमारे पाव कोनसेकंद असतो. दहा कोनमिनिटांची चूक म्हणजे दोन मिनिटांत पाच कोनसेकंद. आपल्या १३५ मिमीच्या मांडणीत तो एका पिक्सेलपेक्षाही कमी भरतो. तोच कॅमेरा ५०० मिमीच्या दुर्बिणीला लावला तर तीच चूक तीन पिक्सेलांहून मोठी दिसते. लहान नाभीय अंतराने सुरुवात करण्याचा आग्रह त्यासाठीच असतो : लहान चुका तिथे दिसतच नाहीत.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सध्या पाऊण अंशापेक्षा थोडा कमी दूर आहे. तो ध्रुवाभोवती नेमका कोणत्या बाजूला आहे हे तारीख, वेळ आणि रेखांशावरून मोबाइलवरील ॲप दाखवते, आणि त्याप्रमाणे पोलर स्कोपमधल्या (ट्रॅकरच्या अक्षात बसवलेल्या लहान दुर्बिणीतल्या) वर्तुळावर त्याला आणून ठेवायचे असते. आधी तिपाई समतल करावी, मग वेजचा कोन आपल्या अक्षांशावर लावावा (मुंबईत सुमारे १९, कोल्हापुरात १६.७, नागपुरात २१, गोव्यात १५.५), आणि नंतर बारीक स्क्रूंनी जुळणी पूर्ण करावी. स्क्रू घट्ट करताना जुळणी हलते, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा एकदा पाहावे. कॅमेरा आणि लेन्स बसवल्यानंतरही भारामुळे वेज किंचित वाकतो. शेवटची तपासणी सगळे वजन चढवून झाल्यावरच करावी. अक्ष आडवा असल्याने पोलर स्कोपमध्ये पाहायला जवळजवळ जमिनीवर झोपावे लागते. काटकोनी आयपीस घेतली तर मान वाचते आणि मी ती चैनीची वस्तू मानत नाही.

क्षितिजावरच्या धुरकटपणामुळे ध्रुवतारा दिसतच नसेल तर लॅपटॉप असलेल्यांनी नीना या मोफत प्रणालीतील तीन बिंदूंची ध्रुवीय जुळणी वापरावी. ती आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागाची तीन छायाचित्रे घेऊन अक्षाची चूक सांगते, ध्रुवतारा दिसण्याची गरज पडत नाही. लॅपटॉप नसेल तर ड्रिफ्ट पद्धत आहे : मध्यमंडलाजवळचा आणि पूर्व क्षितिजाजवळचा असे दोन तारे पाहून अक्षाची दिशा आणि उंची दुरुस्त करायची. ती वेळखाऊ आहे, पण कोणत्याही उपकरणाशिवाय जमते.

लेन्स, कॅमेरा आणि फिल्टर

एपीएस-सी सेन्सरवर १३५ मिमीची लेन्स आकाशाचा सुमारे १० × ६.६ अंशांचा तुकडा दाखवते. या चौकटीत बाणाचे तीन तारे, अश्वमुख तेजोमेघ, ज्वाला तेजोमेघ आणि एम ४२ असा सगळा देखावा एकत्र मावतो, आणि कडेला बर्नार्डच्या वलयाचा (मृगातल्या एका मोठ्या अंधुक तेजोमेघाचा) एखादा कंसही उमटू शकतो. सॅमयांगची १३५ मिमी एफ/२ लेन्स या कामासाठी हौशी मंडळींत लोकप्रिय आहे. पण घरात पडून असलेली एखादी ८५ किंवा २०० मिमीची प्राइम लेन्सही चालेल. झूम लेन्स शक्यतो टाळाव्यात. कॅमेरा वर रोखलेला असताना त्यांचे नळकांडे वजनाने सरकते आणि फोकस बिघडतो. लेन्स पूर्ण उघडी ठेवण्यापेक्षा एक टप्पा बंद करावी, म्हणजे एफ/२ ची लेन्स एफ/२.८ वर आणावी, की कोपऱ्यातल्या ताऱ्यांचे पंख बऱ्याच प्रमाणात मिटतात.

कॅमेऱ्याबाबत एक गोष्ट समजून घ्यावी. तेजोमेघांतला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, आणि सामान्य डीएसएलआरमधला सेन्सरसमोरचा फिल्टर त्यातला मोठा भाग अडवतो. तो फिल्टर बदलून घेतलेला ‘मॉडिफाइड’ कॅमेरा लाल तेजोमेघांसाठी खूप फरक पाडतो. एम ४२ मात्र इतका तेजस्वी आहे की न बदललेल्या कॅमेऱ्यानेही उत्तम येतो. म्हणून पहिल्या हंगामात कॅमेरा उघडू नये. अश्वमुखाची लाल पार्श्वभूमी फिकट येते असे खटकू लागेल तेव्हा विचार करावा.

प्रकाशप्रदूषण रोखणारे जुने फिल्टर सोडियम दिव्यांच्या काळात तयार झाले. त्या दिव्यांचा प्रकाश ठरावीक तरंगलांबींतच असल्याने तो गाळणे सोपे होते. एलईडी पथदिव्यांचा प्रकाश मात्र सबंध दृश्य पट्ट्यात पसरलेला असतो, त्यामुळे ते फिल्टर आता फारसे उपयोगी राहिलेले नाहीत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या अरुंद पट्ट्यांपुरताच प्रकाश आत घेणारे ड्युअल-बँड फिल्टर शहरातून उत्सर्जन-तेजोमेघांसाठी खरोखर काम करतात, पण दीर्घिका आणि कृत्तिकेभोवतीची निळी धूळ यांच्यासाठी ते निरुपयोगीच नव्हे तर हानिकारक आहेत, कारण ती लक्ष्ये सर्व तरंगलांबींत प्रकाश देतात.

मोबाइलवरून चालणाऱ्या सीस्टार एस ५० सारख्या लहान स्मार्ट दुर्बिणी अलीकडे खूप घेतल्या जातात. मुलांना एका तासात गच्चीवरून तेजोमेघ दाखवायचा असेल तर त्यांना तोड नाही. पण ज्याला हे तंत्र हाताने शिकायचे आहे त्याने ते पैसे ट्रॅकरमध्ये घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

फोकस आणि दव

लेन्सवरची अनंताची खूण बहुतेक वेळा खऱ्या अनंताच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे असते. लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करून व्याध किंवा रोहिणी चौकटीच्या मध्यावर आणावी आणि लेन्ससमोर बाह्टिनोव्ह मास्क धरावा. पावेल बाह्टिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने सुचवलेल्या या जाळीमुळे ताऱ्याभोवती तीन रेषा दिसतात. मधली रेषा बाकी दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस साधला. मग स्वयंचलित फोकस आणि लेन्समधली कंपनरोधक सोय दोन्ही बंद करून फोकसच्या रिंगवर चिकटपट्टी लावावी. आणि मास्क काढायला विसरू नये, असे सांगणे विनोदी वाटेल, पण सांगावेच लागते. मध्यरात्रीपर्यंत तापमान पाच-सात अंशांनी उतरले की फोकसही सरकतो, म्हणून दर तासाभराने एकदा तपासावा.

सह्याद्रीत आणि कोकणात ऑक्टोबर ते जानेवारीच्या रात्री दव हा मोठा शत्रू आहे. काच आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होऊन दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर बाष्प जमते आणि तारे हळूहळू फुगत जाऊन शेवटी दिसेनासे होतात. यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेभोवती सुरुवातीपासूनच बांधावी, दव जमल्यावर नाही. काच पुसणे टाळावे. पॉवर बँक, कॅमेऱ्यासाठी डमी बॅटरी आणि हीटर यांचा एकत्र वीजवापर घरीच मोजून घ्यावा, कारण थंडीत बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. पावसाळ्यात उपकरणे बंद कपाटात नुसती ठेवली तर काचेवर बुरशी धरते. हवाबंद डबा आणि अधूनमधून भाजून घेतलेले सिलिका जेल एवढी काळजी पुरेशी आहे.

एक्स्पोजर : एका फ्रेमचे आणि एकूण

प्रत्यक्ष छायाचित्रणात कॅमेरा मॅन्युअलवर आणि फाइल रॉमध्ये ठेवावी. आयएसओ ८०० हा बहुतेक डीएसएलआरसाठी सुरक्षित आकडा आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर अधिक प्रकाश पडत नाही, उलट तेजस्वी तारे लवकर पांढरे होऊन त्यांचा रंग जातो. एका फ्रेमची लांबी ठरवण्यासाठी ३०, ६० आणि १२० सेकंदांची एकेक चाचणी घेऊन कॅमेऱ्याच्या मागे हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहावा. आकाशाचा उंचवटा डाव्या कडेपासून स्पष्ट सुटलेला, पण मधोमध न आलेला, म्हणजे साधारण पाव ते तृतीयांशावर असावा. असे झाले की सेन्सर वाचतानाचा गोंगाट आकाशाच्या गोंगाटाखाली दबतो. त्यापुढे फ्रेम लांबवून फारसा फायदा होत नाही. ट्रॅकरचा एखादा हिसका किंवा विमानाची रेघ मात्र मोठ्या फ्रेममध्ये अधिक नुकसान करते.

एकूण वेळ किती, हा यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न. फ्रेम एकत्र करताना संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने सुधारते, म्हणजे दुप्पट स्वच्छ चित्रासाठी चौपट वेळ द्यावा लागतो. एम ४२ साठी ६० सेकंदांच्या १२० फ्रेम, म्हणजे दोन तास, ही पहिल्या रात्रीची वाजवी योजना आहे. त्याखेरीज तेजोमेघाच्या गाभ्यातला ट्रॅपेझियम तारकासमूह या फ्रेममध्ये पूर्ण पांढरा होतो, म्हणून ५ आणि १५ सेकंदांच्या प्रत्येकी तीस-तीस फ्रेम वेगळ्या घ्याव्यात. लक्ष्य ४० अंशांच्या वर चढेपर्यंत मुख्य फ्रेम सुरू करू नयेत. तेवढ्या वेळात जुळणी आणि फोकस पक्के होतात.

दर आठ-दहा फ्रेमनंतर चौकट काही पिक्सेल मुद्दाम सरकवावी. या डिदरिंगमुळे सेन्सरवरचे तापलेले पिक्सेल प्रत्येक वेळी ताऱ्यांच्या संदर्भात वेगळ्या जागी येतात आणि एकत्रीकरणात गळून जातात. न केल्यास पार्श्वभूमीवर एकाच दिशेने ओढल्यासारखे रंगीत ओरखडे उमटतात, आणि ते नंतर काढणे जवळजवळ अशक्य असते. थंड न करता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी डिदरिंग हे (झाकण लावून घेतलेल्या) डार्क फ्रेमपेक्षाही महत्त्वाचे आहे, विशेषतः मार्च-एप्रिलच्या उबदार रात्री. सेन्सरचा उष्णताजन्य गोंगाट दर सहा अंशांच्या आसपास दुप्पट होतो.

गाइडिंगची, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा पाहत माउंटची गती दुरुस्त करत राहण्याची, गरज साधारण २००-२५० मिमीच्या पुढे लागते. लहान ट्रॅकरच्या वर्म गिअरचा एक फेरा सुमारे दहा मिनिटांचा असतो आणि त्यात तारा पुढे-मागे हलतो. १३५ मिमीवर याचा परिणाम काही फ्रेम टाकून देण्याइतपतच होतो. पुढे गाइड कॅमेरा घेतला तर पीएचडी २ ही मोफत प्रणाली वापरावी, आणि तिचे कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्त व मध्यमंडल यांच्या छेदाजवळच्या ताऱ्यावर करावे.

कॅलिब्रेशन फ्रेम

फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम, टाळू नयेत. लेन्सच्या कडांकडे कमी होणारा प्रकाश आणि सेन्सरवरील धुळीचे डाग त्यांच्याशिवाय नीट जात नाहीत. लेन्सवर सुरकुती नसलेले पांढरे कापड ताणून, पहाटेच्या फिक्या आकाशाकडे कॅमेरा रोखून वीस-तीस फ्रेम घ्याव्यात आणि हिस्टोग्राम मध्यावर येईल असे एक्स्पोजर ठेवावे. त्याआधी फोकस, ॲपर्चर आणि कॅमेऱ्याचा कल यांतले काहीही बदलू नये. डार्क फ्रेम झाकण लावून, त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांच्या आणि शक्यतो त्याच तापमानाला घ्याव्यात. उपकरणे आवरत असताना कॅमेरा हे काम करत राहू शकतो. बायस फ्रेम घरी दिवसाही घेता येतात : झाकण लावलेले, सर्वांत कमी एक्स्पोजर.

संगणकावरचे काम

सिरिल ही मोफत प्रणाली विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि सुरुवातीला तीच पुरे. लाइट (आकाशाच्या मुख्य फ्रेम), डार्क, फ्लॅट आणि बायस अशा चार फोल्डरांत फाइली ठेवून तयार स्क्रिप्ट चालवली की ती कॅलिब्रेशन करते, ताऱ्यांवरून फ्रेम जुळवते आणि एकत्र करते. एकत्रीकरणात सिग्मा क्लिपिंगची पद्धत निवडली तर कृत्रिम उपग्रहांच्या रेघा आपोआप वगळल्या जातात. त्याआधी सगळ्या फ्रेम एकदा डोळ्यांनी चाळून लांबट तारे किंवा ढग असलेल्या काढून टाकाव्यात. शंभर चांगल्या फ्रेममध्ये दहा वाईट मिसळून संख्या वाढवण्यात अर्थ नसतो.

एकत्र झालेले चित्र सुरुवातीला जवळजवळ काळे दिसते, आणि त्याने घाबरून जाऊ नये. पहिले काम कडा छाटण्याचे, दुसरे पार्श्वभूमीचा चढउतार काढण्याचे. शहराची प्रभा एका बाजूला असल्याने हा चढउतार आपल्याकडे हमखास येतो, आणि ग्रॅक्सपर्ट ही मोफत प्रणाली तो चांगला काढते. मात्र पार्श्वभूमीचे नमुना-बिंदू तेजोमेघावर पडू देऊ नयेत, अन्यथा तेजोमेघाची अंधुक झालरच प्रदूषण समजून पुसली जाते. तिसरे काम ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून चित्राचा रंग जुळवणे. हे सिरिल स्वतः करते, डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ते अधिक विश्वासार्ह आहे. हे सगळे चित्र अजून ताणलेले, म्हणजे अंधुक भाग उजळवलेले, नसतानाच करायचे असते.

ताणणे एका झटक्यात न करता तीन-चार लहान टप्प्यांत करावे आणि प्रत्येक टप्प्यानंतर हिस्टोग्रामची डावी कड कापली जात नाही ना हे पाहावे. खरे आकाश पूर्ण काळे नसते. पार्श्वभूमी गडद करडी ठेवली तरच एम ४२ भोवतीची तपकिरी धूळ दिसते. गाभ्यासाठी ५, १५ आणि ६० सेकंदांचे तीन वेगवेगळे एकत्रित चित्र तयार करून ते गिंपमध्ये एकावर एक ठेवावेत आणि मऊ कडांच्या मास्कने जोडावेत. जोड उघडा पडू नये म्हणून १५ सेकंदांचे चित्र मध्ये लागतेच. पाचावरून थेट साठावर उडी मारली तर गाभ्याभोवती करडे वलय दिसते. गोंगाट कमी करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शेवटी आणि अर्ध्या जोराने वापरावीत, कारण पूर्ण जोरावर ती कॅमेऱ्याने न टिपलेले तंतूही रेखाटू लागतात. रंगांची तीव्रता वाढवताना थांबण्याची खूण सोपी आहे : निळे तारे निळसर आणि नारिंगी तारे नारिंगी दिसत असतानाच थांबावे, दोन्ही निऑनसारखे चमकू लागेपर्यंत जाऊ नये.

पुढची लक्ष्ये

याच मांडणीने नोव्हेंबर-डिसेंबरात देवयानी दीर्घिका आणि कृत्तिका, तर फेब्रुवारीत रोझेट तेजोमेघ घेता येतो. एप्रिल-मेमध्ये आपल्या अक्षांशाचा खरा फायदा मिळतो. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार गुच्छ पुण्याहून सुमारे २४ अंश उंचीवर येतो, तर उत्तर युरोपातल्या निरीक्षकांना तो क्षितिजाच्या वर दिसतही नाही. धनू राशीतला लगून तेजोमेघ मध्यरात्रीनंतर वर येऊन मध्यमंडलावर ४७ अंशांपर्यंत चढतो. मोसमी ढग यायच्या आत त्याच्यासाठी दोन-तीन अमावस्या मिळतात. तिथे आकाशगंगेचे तारे इतके दाट असतात की फोकस थोडाही चुकला तर सगळी पार्श्वभूमी दुधाळ होते, म्हणून मृगावर एक हंगाम हात बसल्याशिवाय त्याकडे वळू नये.